ओठाचा डावा कोपरा

हॉर्टन्स मिल, विस्कॉन्सिन
११ मार्च १९७९

वॉल्ट,

तुझी बहीण डोलोरिस आज चर्चमधून बाहेर पडताना म्हणाली, "हार्लन, उन्हाळ्यात लिनेट मिलवॉकीला मामाकडे जाणार. त्याच्या ड्रम कोअरमध्ये." जणू पोरगी तुमच्या ढोल-बिगुलांच्या कवायती पथकात नाही, तळ्यावर पोहायला चालली आहे! फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो. म्हणून लिहून विचारतो: अख्ख्या मिलवॉकीत तुला दुसरी पोरं मिळाली नाहीत?

मी इथे बँडमास्तर झालो तेव्हापासून फुंकणारी पोरं पुष्कळ पाहिली. वाजवणारी ही एकच. हॉर्न किती दगाबाज वाद्य आहे ते तुला सांगायला नको. वरचे सूर इतके चिकटून बसलेले असतात की ओठ जरा ढळला की शेजारचा सूर दार उघडतो. लिनेटचा ओठ ढळत नाही. पुढच्या फेब्रुवारीत तिची संगीत महाविद्यालयाची चाचणी आहे आणि ती निवडली जाणार, हे मी लिहून देतो. बाप नसलेल्या पोरीला या गावातून बाहेर काढणारा दुसरा रस्ता तुझ्याकडे असेल तर कळव.

तुम्ही काय करणार? कळा डाव्या हाताने दाबणाऱ्या पोरीला उजव्या हाताने दाबायला लावणार. हॉर्नचा माउथपीस वरच्या ओठावर दोन भाग आणि खालच्यावर एक भाग बसवावा लागतो. तुमच्या बिगुलाचा निम्मा-निम्मा, वर त्याचा काठ जाड. उन्हाळाभर उन्हात उभं राहून, ढोलांच्या वर आवाज काढायला ती ओठ दातांवर चेपणार. मग सप्टेंबरात तो चोथा तू माझ्याकडे पाठवणार.

माझा नियम तुला माहीत आहे. कोअरमध्ये गेलेला परत आला की, सगळ्यांत चांगला म्हणून आधी पहिल्या खुर्चीवर बसत असला तरी, शेवटच्या खुर्चीवर, नाताळपर्यंत. तिच्यासाठीही तो बदलणार नाही.

तुझा, अजून तरी मित्र,
हार्लन


मिलवॉकी
२० मार्च १९७९

हार्लन,

कॉलेजात जाऊन तू छडी हलवायला शिकलास आणि कान तिथेच विसरून आलास. जर्मनीत लष्करी बँडात आपण एकाच स्टँडवरच्या कागदावरून वाजवत होतो तेव्हा वरचा सूर कुणाचा फुटायचा, हे मी तुझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. मला कुणी शिकवलं नाही. आरशापुढे उभं राहून माझा ओठ मीच वाचला, आणि गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांचे वाचतो आहे. मला ओठ शिकवू नकोस.

तुझी पोरं शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतरात चार गाणी वाजवतात आणि तेवढ्यात लोक हॉट डॉग आणायला उठतात. आमच्याकडे एकच कार्यक्रम उन्हाळाभर घासतात. कागद नाही, सगळं पाठ. लोक उठत नाहीत.

आणि तिला मी ओढलेलं नाही. जानेवारीत ती तालीम बघायला आली होती. दारात हातमोजे घालूनच उभी राहिली, शेवटपर्यंत. मी म्हटलं, "काय गं, थंडी वाजते?" तर म्हणाली, "मामा, तिकडे मी सगळ्यांत चांगली आहे. इथे नाही. मला इथे यायचंय." अशा पोरीला तू काय सांगितलं असतंस, ते प्रामाणिकपणे स्वतःला विचार.

काळजी ओठाचीच असेल तर ऐक. तिचा स्वतःचा माउथपीस आमच्या बिगुलाला बसावा म्हणून पितळेचा एक सांधा मी लेथवर कातून ठेवलाय. रोज सकाळी लांब सूर, हळू आवाजात. ओठाला काही झालं तर माझी मान धर. नाही झालं, तर त्या शेवटच्या खुर्चीबद्दल तू तिची माफी मागायची. चारचौघांत.

वॉल्ट


इंडियानातल्या एका शाळेची व्यायामशाळा
१५ जुलै १९७९

हार्लन,

हे जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. आजूबाजूला पोरं झोपली आहेत, सगळीकडे मोज्यांचा वास. कालच्या स्पर्धेत दुसरे आलो. लिनेट ऊन लागून लाल झाली आहे, पीनट बटरचे सँडविच खाऊन कंटाळली आहे आणि खूश आहे. तिचा एकटीचा जो तुकडा आहे तो संपला की मैदानाच्या पलीकडून लोक उभे राहतात. हे तुला झोंबावं म्हणूनच लिहितो.

दोन बारीक गोष्टी मात्र तुझ्या कानावर घालतो, कारण दोन्ही तुझ्याकडच्या आहेत. एक, तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटते. जूनच्या शेवटी पहिल्यांदा ऐकली. तू माउथपीस मधोमध बसवलेला नाहीस, आणि इतकी वर्षं ते तुला दिसलं नाही. मी तो केसभर उजवीकडे नेलाय. दुसरं, चालताना ती रांगेतून डावीकडे सरकते. तुझ्याकडे पोरं मांडीवर हॉर्न टेकवून, मान कलती करून बसतात, त्यातून हे आलं. पोरं तिला चिडवतात, "लिनेट, वळायच्या आधी दिवा लाव!" ती म्हणते, "मी सरळच चालते, मैदान उजवीकडे पळतं."

निघेल ते. रांग सरळ करणं मला येतं.

वॉल्ट


हॉर्टन्स मिल
९ सप्टेंबर १९७९

वॉल्ट,

पोरगी पोहोचली. काय करून पाठवलीस?

केसभर उजवीकडे म्हणे! डावा कोपरा लोंबतो आहे. हसली की उजवीकडचाच गाल वर जातो. परवा जेवणाच्या सुट्टीत दूध पिताना हनुवटीवरून ओघळलं. तिच्या शेजारी बसणारा कर्ट म्हणाला, "लिनेट, तुझा व्हॉल्व्ह गळतोय." ती हसली, पण अर्धंच. माझी पंचवीस वर्षं ओठ बघण्यात गेली. दमलेला ओठ मला कळतो, फुटलेला कळतो. हा चेपून चेपून मेलेला ओठ आहे. असाच एक मी एकदा तुमच्यासारख्याच एका टोळीतून परत आलेल्या ट्रम्पेटवाल्याचा पाहिला होता.

आणि वाचणं! कागद समोर ठेवला की मान वाकडी करते, एक डोळा मिटते, ओळ चुकते. विचारलं तर म्हणते, "सर, एकाच्या दोन ओळी दिसतात." तीन महिने सगळं पाठ करून वाजवायला लावलंत, पोरगी वाचायलाच विसरली.

नियमाप्रमाणे शेवटच्या खुर्चीवर बसवली आहे. गाणी बंद. शाळा सुटल्यावर तासभर आरशापुढे लांब सूर, डावा कोपरा बोटाने वर धरून. फेब्रुवारीच्या आत मी हा ओठ उभा करणार आहे.

डोलोरिस डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती. मी म्हटलं, मुळीच नाही. डॉक्टरला एकच औषध येतं, सहा महिने वाजवू नको. मग चाचणी गेली म्हणून समज.

हार्लन


मिलवॉकी
१६ सप्टेंबर १९७९

हार्लन,

पाठ केल्याने कुणी आंधळं होत नसतं. पहिल्या खुर्चीवरच्या पोरीला मागच्या भिंतीला नेऊन चिकटवायचं, चारचौघांत तिच्या तोंडाला आरसा लावायचा, आणि मग म्हणायचं हिला कागद दिसत नाही! भेदरलीय ती. ओठ भीतीने आखडतो हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं.

बोटाने कोपरा वर धरणं हा गाढवपणा आहे. बंद कर. माउथपीस आणखी उजवीकडे ने.

डॉक्टरचं मात्र तू बरोबर केलंस. डोलोरिसने मलाही विचारलं होतं. मीही तेच सांगितलं. ओठातलं डॉक्टरला काय कळणार! या एका बाबतीत तुझं माझं एकमत आहे, कॅलेंडरवर खूण करून ठेव.

वॉल्ट


हॉर्टन्स मिल
१४ ऑक्टोबर १९७९

वॉल्ट,

सुधारणा नाही. खालचे सूर हवेत जातात, वरचे लागतच नाहीत. चालताना स्टँडना हात लावत लावत जाते. तुमच्या त्या गुडघे न वाकवता चालण्याने पाय पण गेले वाटतं.

रोज येते, चुकवत नाही. परवा आरशापुढे बसली होती. मी पोरांची वाद्यं पेट्यांत भरून होईपर्यंत सूर चाललेच होते. मग म्हणाली, "सर, मी हसून पाहिलं. आरशातली अर्धी माझं ऐकत नाही." मी म्हटलं, ऐकेल, सूर धर. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सर, मी कोअरला गेले नसते तर हे झालं नसतं ना?"

मी म्हटलं, "नसतं."

तिने मान हलवली आणि पुन्हा सूर धरला. हे तुला कळवणं मला भाग वाटलं. तिला मी खोटं सांगणार नाही, आणि तुझ्यापासून लपवणारही नाही.

हार्लन


मिलवॉकी
२१ ऑक्टोबर १९७९

हार्लन,

असं सांगताना तुझी जीभ कशी रेटली?

डोलोरिसचा फोन होता. पोरगी सकाळी उठली की ओकते. झोपते तेव्हा डावा डोळा अर्धा उघडाच राहतो, डोलोरिस रात्री जाऊन हाताने मिटते. हे तुझ्या धाकाने होतंय. झोपेतसुद्धा जागी. नोव्हेंबरच्या सुट्टीत मी तिला इकडे घेऊन येतो. दोन आठवड्यांत ओठ परत बसवून देईन, आणि मग चाचणीला तू नाही, मी नेईन.

वॉल्ट


मॅडिसन, इस्पितळ
१२ नोव्हेंबर १९७९

वॉल्ट,

डोलोरिसने तुला फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं मी सांगतो.

शुक्रवारी शेवटचा सामना होता. ती म्हणाली, मी वाजवत नाही, नुसती चालते, पण मला मैदानात येऊ द्या. मी येऊ दिलं. मध्यंतरात दुसऱ्या वळणावर ती पडली. बँडचा नियम मीच घालून दिलेला आहे: कुणी पडलं तर थांबायचं नाही, वळसा घालून पुढे जायचं, ओळ मोडायची नाही. पोरांनी ओळ मोडली नाही. गाणं संपेपर्यंत पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली. लोकांना वाटलं कवायतच अशी आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

इथला डॉक्टर वयाने तरुण आहे. त्याने तिला डोळे घट्ट मिटायला सांगितलं. डावा मिटला नाही. मग जमिनीवरच्या फरशांच्या रेघेवरून चालायला सांगितलं. बस, तेवढंच. मग यंत्रातून फोटो काढले. मेंदूच्या देठात गाठ आहे. कापता येत नाही. किरणांनी काही आठवडे बरं वाटेल. वसंत ऋतू उजाडेल कदाचित. उन्हाळा नाही.

मी विचारलं, "आणि तिचे ओठ?"

तो म्हणाला, "ओठांना काही झालेलं नाही."

जूनमध्येच आणलं असतं तर, असंही मी विचारलं. तो म्हणाला, शेवट हाच असता. वॉल्ट, हे ऐकून मला क्षणभर हलकं वाटलं. तेवढ्यात डोलोरिसने त्याला विचारलं, "मग ती इतके दिवस आरशापुढे का बसत होती?" त्याला प्रश्नच कळला नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

हार्लन


मिलवॉकी
२५ नोव्हेंबर १९७९

हार्लन,

इस्पितळात तिच्या खोलीत होतो ते दोन्ही दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही, म्हणून लिहितो.

तू कॉफी आणायला गेलास तेव्हा मी तिला म्हटलं, "हे कोअरमुळे नव्हतं, बरं का." ती म्हणाली, "मग सरांमुळेही नव्हतं?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही दोघं इतकं भांडलात कशावरून?" मी तिची उशी सारखी केली.

आणखी एक, जे मी जुलैच्या पत्रात लिहिलं नव्हतं. ती रांगेतून सरकायची म्हणून मी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावत होतो. भर दुपारी, सगळे सावलीत बसलेले असताना. 'रांग सरळ करणं मला येतं' असं जे लिहिलं ना, ते असं येतं. एकदा ती कुंपणावर आदळली. पोरं हसली. मीही हसलो. ती उठून पुन्हा धावायला लागली, कारण आमच्याकडे तसंच शिकवतात, आणि ते शिकवणारा मीच.

हे डोलोरिसला मी सांगितलं आहे. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. लिनेटची खबर तुझ्याकडूनच कळेल. कळवत जा.

वॉल्ट


हॉर्टन्स मिल
१६ डिसेंबर १९७९

वॉल्ट,

शुक्रवारी शाळेत काय झालं ते गावातल्या कुणाकडून तुझ्या कानावर आलंच असेल, आणि मी कसा माणूस आहे तेही. माझ्याकडून ऐक.

किरणं संपवून ती घरी आली. औषधाने चेहरा सुजलाय, पण आवाज थोडा सुधारला. मी भेटायला गेलो. जाताना ठरवून गेलो होतो. म्हटलं, "लिनेट, नाताळच्या कार्यक्रमात तू पहिल्या खुर्चीवर बस. ती तुझीच आहे."

ती म्हणाली, "नको."

"नको म्हणजे?"

"नियम काय आहे, सर? नाताळला आव्हान देता येतं. मला खुर्ची अशी नको, आता तिथे बसतो त्याला आव्हान द्यायचंय. कर्टला." बोलताना ती आता उजव्या हाताने गाल धरते. "आणि तुम्ही निकाल खरा सांगायचा. आधी तुम्ही मला चुकीचं सांगितलंत, तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

आमच्याकडे आव्हान कसं होतं ते तू पाहिलेलं नाहीस. दोघं पडद्यामागे. बँड पडद्याकडे पाठ फिरवून, मान खाली घालून बसतो. एकच तुकडा दोघं वाजवतात, मग पोरं हात वर करतात. शेवटचा शब्द माझा.

आधी कर्ट वाजवून गेला. घाबरत, पण स्वच्छ. मग ती. माउथपीस ठेवल्याबरोबर कोपऱ्यातली हवा सगळ्यांना ऐकू आली, आता पडदा असून नसल्यासारखाच. निम्मे सूर आले, निम्मे वाफ होऊन गेले. तिने तुकडा सोडला नाही. मी विचारलं, पहिला? एकही हात नाही. दुसरा? वॉल्ट, सगळे हात वर. मान खाली घातलेली, खांदे हलत असलेले, सगळे.

पडदा सरकला. ती माझ्याकडे बघत होती, उजव्या डोळ्याने.

मी म्हटलं, "पहिली खुर्ची, कर्ट."

बासरीवाल्यांतली एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "राक्षस आहे हा." कर्ट रडायला लागला, खुर्चीवर बसेना. मुख्याध्यापकांनी मला संध्याकाळी बोलावून घेतलं, ते जाऊ दे. लिनेट म्हणाली, "कुठे कुठे गेला सूर?" मी कागद घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ओळीओळीने सांगितलं. ती ऐकत होती. चौथ्या ओळीशी म्हणाली, "तो नाही. तो लागला होता."

मी म्हटलं, "नव्हता."

"होता, सर. खालून गेला, पण लागला." तिने हॉर्न उचलला आणि तेवढाच पुन्हा वाजवला. बारीक होता. पण लागला. मी कागदावरची खूण खोडली.

मग ती भिंत धरून आपल्या जागेवर गेली. कुणाचा हात घेतला नाही. दारात डोलोरिस उभी होती, तिला वाटलं मी पोरीचा शेवटचा अपमान केला. तिला मी काही समजावलं नाही. मला ते जमणार नव्हतं.

हार्लन


मिलवॉकी
२३ मार्च १९८०

हार्लन,

तार पोहोचली असेलच. गुरुवारी पहाटे मॅडिसनच्या इस्पितळात गेली; शेवटच्या आठवड्यात डोलोरिसने मला येऊ दिलं होतं. शेवटचे चार दिवस तिला बोलता येत नव्हतं, बोटांनी पांघरुणावर काहीतरी दाबत होती. डाव्या हाताने. कोणता तुकडा ते मला ओळखता आलं नाही. तू असतास तर ओळखला असतास, आणि तू यावास असं मी डोलोरिसला विचारलंही, पण ती नाही म्हणाली.

डिसेंबरातल्या त्या गोष्टीबद्दल मी तिला सांगून पाहिलं. लिनेटनेही सांगितलं होतं, "आई, सर खरं बोलले." ती म्हणाली, "खरं बोलायला त्याला चाचणीची आशा संपावी लागली." तू त्या दिवशी जे केलंस ते माझ्याने झालं नसतं. मी पहिली खुर्ची तिला दिली असती, आणि तिला ते कळलं असतं.

आता अंत्यविधीचं. बुधवारी दहा वाजता, तुमच्याच चर्चमध्ये. कोअरची पोरं दोन बसमधून यायला निघाली होती, मी परत पाठवली. तुझ्या बँडने काही बसवलं असेल तर तूही थांबव. डोलोरिसने सांगितलंय, कुणी काही वाजवायचं नाही. ऑर्गनसुद्धा नाही. कोअरचं जॅकेट मी घेऊन गेलो होतो, पेटीत घालायला. तिने दारातूनच परत केलं. तुझ्या बँडचा गणवेशही तिने धुवून, घडी करून शाळेत पोचवलाय, तुला मिळाला असेल. पोरीला निळा स्वेटर घातलाय, तिचा नेहमीचा, कोपरावर विरलेला.

आपण दोघांनी यायचं की नाही, असं मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "या. पण दोघं एकाच बाकावर बसा, डावीकडच्या. म्हणजे कुठल्या एका बाजूला बघायचं नाही, एवढंच मला लक्षात ठेवावं लागेल."

मी साडेनऊला पोहोचेन. तुझी जागा धरून ठेवतो.

वॉल्ट